ज्यू बोर्डिंग हायस्कूल: मुंबई-ठाण्याच्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

मी मूळची ठाण्याची, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली, आता बरीच वर्षं इस्रायलमध्ये. इथल्या एका होस्टेलात एम बायित म्हणून काम केलंय, म्हणजे मुलांच्या मजल्यावर ताप, हरवलेले मोजे, रडारड आणि भांडणं जी बाई बघते ती मी. त्यामुळे दरवर्षी दिवाळीच्या आसपास नातेवाइकांचे, त्यांच्या शेजाऱ्यांचे, सिनेगॉगमधल्या ओळखीच्यांचे मेसेज सुरू होतात की मावशी, मुलाला इस्रायलला शिकायला पाठवायचंय, कुठली शाळा चांगली. तेच तेच परत टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय.

भारतात ज्यू बोर्डिंग हायस्कूल आहे का?

नाही. भायखळ्याची सर जेकब ससून आणि माझगावची सर एली कदुरी या ज्यूंनी काढलेल्या शाळा आहेत, कदुरी तर हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये सुरू केलेली आपल्याच समाजाची इस्रायलाइट स्कूल, पण दोन्ही दिवसाच्या शाळा आहेत आणि तिथे आज ज्यू मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुंबईत ओआरटी ही ज्यू शिक्षणसंस्था आहे, सिनेगॉगमधले क्लास आहेत, ते धरून ठेवा. पण राहून शिकायचं असेल तर देशाबाहेर.

मग कुठे कुठे पाठवता येतं?

आपल्या लोकांसाठी खरा पर्याय इस्रायलच. अमेरिकेत मुलांच्या येशिवा, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, हायस्कूलांना होस्टेल असतं पण ती बहुतेक खूप कडक धार्मिक, फी डॉलरमध्ये पाच आकडी आणि व्हिसाची डोकेदुखी वेगळी. इंग्लंडमध्ये गेट्सहेडसारख्या ठिकाणी आहेत, तिथलं वातावरण हरेदी, म्हणजे सगळ्यात कट्टर धार्मिक, आपल्या कोकणी घरातल्या मुलाला ते झेपणं कठीण.

इस्रायलमध्ये इंग्रजीतून शिकायचं असेल तर हकफार हयारोकच्या कॅम्पसवर २०१४ पासून आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची एक इंटरनॅशनल शाळा आहे, पण ती ज्यू शाळा म्हणून काढलेली नाही, अरब आणि परदेशी मुलं मुद्दाम एकत्र ठेवतात, छान आहे पण ते प्रकरण वेगळं. होद हशारोनला अलेक्झांडर मस म्हणून १९७२ पासून चालू आहे, तिथे मुख्यतः अमेरिकन मुलं काही आठवडे किंवा एक सेमिस्टर येतात, पूर्ण हायस्कूल नाही, त्यामुळे तीन वर्षांचा विचार करत असाल तर ते नाव लिस्टमधून काढा.

एक गोष्ट पैसेवाल्या शाळेच्या नावाला भुलणाऱ्यांसाठी. नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरोला अमेरिकन हिब्रू अकॅडमी होती, २००१ ला उघडली, १०० एकरांचा कॅम्पस, सगळं चकाचक. जून २०१९ मध्ये अचानक बंद. पुढच्या वर्षासाठी आईबापांनी मुलांच्या बॅगा भरायचं ठरवलेलं आणि शाळाच नाही. इंग्लंडचं कार्मेल कॉलेज, १९४८ चं, मोठं नाव, तेही १९९७ मध्ये बंद झालं. म्हणून शाळा कोणाच्या पैशावर चालते हा प्रश्न लाजत न विचारायचा. इस्रायलच्या सरकारी पैशावरच्या शाळांना दुसरे शंभर प्रॉब्लेम असतील पण रातोरात कुलूप सहसा लागत नाही.

नाआले म्हणजे नेमकं काय? खरंच फुकट आहे का?

नाआले हा इस्रायल सरकार आणि ज्यूइश एजन्सी (ज्यूंना इस्रायलमध्ये यायला मदत करणारी संस्था) यांचा प्रोग्राम, १९९२ ला सुरू झाला, तेव्हा सोव्हिएत युनियन नुकतं कोसळलं होतं आणि तिथले आईबाप मुलांना आधी पाठवून स्वतः मागून येऊ म्हणत होते. आता जगभरातली मुलं येतात. नववी-दहावीच्या वयात येऊन बारावीपर्यंत इस्रायलमध्ये शिकायचं. शिकणं, राहणं, जेवण, हेल्थ इन्शुरन्स आणि यायचं विमान सरकार देतं. हो, खरंच देतं.

पण फुकट म्हणजे खर्च शून्य असं नाही. खिशातला पैसा, फोन, बसभाडं, कपडे, मधल्या सुट्टीत घरी यायचं तिकीट, दातांचं काम, चष्मा, आधीपासूनचा आजार, यातलं काय बसतं आणि काय नाही हे सही करायच्या आधी लेखी विचारा. आणि कुठल्या देशातून कुठल्या भाषेच्या ग्रुपमध्ये किती मुलं घ्यायची हे दरवर्षी बदलतं, त्यामुळे तुमच्या चुलतबहिणीच्या मुलाच्या वेळी काय झालं त्यावर जाऊ नका, त्या वर्षीचं ज्यूइश एजन्सीकडून विचारून घ्या.

निवडीसाठी परीक्षा असते आणि मुलाशी बोलतातही, एकटं राहू शकेल का ते बघायला. त्याची तयारी करून घेऊ नका प्लीज. पाठ केलेली उत्तरं त्यांना कळतात, आणि समजा नाही कळली आणि मुलगा तयार नसताना आत आला तर पुढचे हाल तुमचेच.

म्हणजे पाचगणीच्या बोर्डिंगसारखंच ना?

इथेच सगळ्यात मोठी गडबड होते. आपल्याकडे बोर्डिंग म्हटलं की पाचगणी, देवळाली, म्हणजे पैसेवाल्यांची मुलं, टाय, घोडेस्वारी, इंग्रजी. इस्रायलच्या होस्टेलांचं मूळ पूर्णपणे वेगळं आहे.

मिकवे इस्रायल ही शाळा १८७० ची, शेती शिकवायला काढलेली. बेन शेमेन हे युवाग्राम, म्हणजे मुलांनी राहून शिकायचं गाव, १९२७ चं. आणि १९३३ मध्ये बर्लिनमध्ये रेखा फ्रायर नावाच्या बाईने युथ अलिया ही चळवळ सुरू केली, हिटलर चान्सलर झाला त्याच सुमाराला, मुलांना जर्मनीतून काढून इकडच्या किबुत्झ, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्त्यांत, आणि युवाग्रामांत ठेवायचं. इकडे जेरुसलेममध्ये हेन्रिएटा सोल्ड बाईंनी ते काम सांभाळलं. त्यातल्या कित्येकांचे आईबाप मागे राहिले ते गेलेच. म्हणजे इथलं होस्टेल जन्मालाच आलं ते ज्याला घर नाही त्याला घर द्यायला. नंतर उत्तर आफ्रिकेतली मुलं, मग इथिओपियातली, मग रशियन बोलणारी.

कार्मेल डोंगरावरचं येमिन ओर्द युवाग्राम १९५३ चं, ते ज्याच्या नावाने आहे तो ऑर्ड विंगेट नैनितालला जन्मला आणि १९४४ मध्ये मणिपुरात विमान पडून गेला, हे मी आपल्या मुलांना सांगते तेव्हा त्यांना जरा बरं वाटतं की चला, इथेही कोणीतरी आपल्याकडचं. २०१० च्या डिसेंबरमधल्या आगीत या गावाचा बराच भाग जळला, परत बांधलं.

याचा तुमच्याशी संबंध असा की आजही बऱ्याच होस्टेलांत नाआलेच्या मुलांसोबत अशी इस्रायली मुलं असतात ज्यांना घरच्या अडचणींमुळे वेल्फेअरने पाठवलंय. ती मुलं वाईट असतात असं अजिबात नाही, माझी सगळ्यात लाडकी पोरं त्यातलीच होती. पण तिथे शिव्या ऐकू येतील, दरवाजे आपटतील, सिगारेट-व्हेप दिसेल. शाळेला सरळ विचारा, तुमच्याकडे मुलं कुठून कुठून येतात, माझ्या मुलाच्या खोलीत कोण असेल. आणि टाय बीय काही नाही, मुलं मास्तरांना नावाने हाक मारतात, पहिल्यांदा फोनवर ऐकलंत की धक्का बसेल.

धार्मिक शाळा घ्यायची की साधी?

इस्रायलमध्ये सरकारी साध्या शाळा आणि सरकारी धार्मिक शाळा असे दोन प्रकार, आणि हरेदींचं वेगळंच. धार्मिकमध्ये मुलांसाठी येशिवा हायस्कूल, मुलींसाठी उल्पना, दोन्हीकडे होस्टेल असतं. काही युवाग्रामं धार्मिक असून मुलंमुली एकाच कॅम्पसवर असतात.

आपल्या घरांचं बघा, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागतात, किद्दुश, म्हणजे वाइनवरची प्रार्थना, होतो, मांस आणि दूध एकत्र नाही, मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) होतो, एलियाहू हनावीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, नवस बोलतो, आणि शनिवारी दुपारी टीव्हीवर क्रिकेटही चालतं. हे इथल्या कुठल्याच खणात नीट बसत नाही. धार्मिक होस्टेलात शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, फोन बंद, दिवसातून तीनदा तेफिला म्हणजे प्रार्थना, मुलींना लांब स्कर्ट. साध्या होस्टेलात शुक्रवारी रात्री जेवणाआधी किद्दुश म्हणतील आणि मग पोरं मोबाइलवर.

माझं मत विचाराल तर मुलगा आत्ता घरी जे करतो त्याच्या जवळची शाळा घ्या. आईबाप असं समजतात की धार्मिक शाळेत टाकलं की आपोआप धार्मिक होईल, तसं झालेलंही पाहिलंय, पण पंधरा वर्षांच्या मुलाला एका रात्रीत क्रिकेट बंद, फोन बंद केलंत तर तो आधी तुमच्यावर चिडतो, देवावर नंतर.

आणि एक, बहुतेक धार्मिक शाळांमध्ये प्रार्थनेची पद्धत अश्केनाझी (युरोपातल्या ज्यूंची) किंवा सेफार्दी (स्पेन आणि अरब देशांकडच्या ज्यूंची) अशी ठरलेली असते. आपली सेफार्दीच्या जवळची. अश्केनाझी शाळेत मुलाला सूर ओळखीचे वाटणार नाहीत आणि पेसाखच्या सणात भात न खाणारे लोक भेटतील. फार मोठी गोष्ट नाही, पण विचारून ठेवा.

आमच्याकडे बाबा ज्यू आहेत, आई नाही. चालेल का?

दोन वेगळे नियम आहेत आणि लोक ते मिसळतात. इस्रायलचा परतीचा कायदा १९५० चा, १९७० मध्ये त्यात बदल होऊन ज्यूच्या मुलाला आणि नातवंडालाही हक्क मिळाला, मग ज्यू माणूस आईकडचा असो की बाबांकडचा. नाआलेची पात्रता याच कायद्यावर. पण हलाखा, म्हणजे धर्मशास्त्र, आई बघतं. त्यामुळे साध्या शाळेत तुमच्या मुलीला अडचण नाही पण धार्मिक शाळा घेईलच असं नाही, किंवा घेईल आणि वर्षभराने धर्मांतराचा, गियुरचा विषय काढेल. हे मुलीला विमानात बसायच्या आधी माहीत पाहिजे, तुमच्या तोंडून. होस्टेलात दुसऱ्या कोणाकडून कळलं तर ती जखम लवकर भरत नाही.

दोन्ही बाजूंनी बेने इस्रायल असाल तर आज कागदावर प्रश्न येत नाही. १९६० च्या दशकात इथल्या रब्बींनी आपल्या लोकांच्या लग्नांवर शंका काढली होती, आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, १९६४ मध्ये ते मिटलं. आजोबांना विचारा, तावातावाने सांगतील.

कितव्या इयत्तेनंतर पाठवायचं? दहावी करून पाठवू का?

सगळ्यांना दहावी करूनच पाठवायचं असतं, मला कळतं, एसएससीचं सर्टिफिकेट हातात असलं की बरं वाटतं. पण इथलं गणित असं की हायस्कूल म्हणजे दहावी ते बारावी, वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, आणि ज्याला मधोमध अकरावीत यायचंय त्याला हिब्रू शिकायला वेळच उरत नाही. म्हणून नववी झाल्यावर येणं सगळ्यात सोयीचं. दहावी करून आलेल्याला बऱ्याचदा परत दहावीत बसवतात, आणि वयाची अट असते ती वेगळी, त्यामुळे विचार आठवीतच सुरू करा.

नववीनंतर आला आणि नाही जमलं तर? परत येऊन शाळेत घेतात की नाही यावर आधीच मुख्याध्यापकांशी बोला आणि शाळा सोडल्याचा दाखला नीट जपून ठेवा. अगदीच कुठे नाही झालं तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, किंवा एनआयओएस, म्हणजे मुक्त विद्यालयातून. म्हणजे दार बंद होत नाही.

हिब्रू येत नाही. कसं होणार?

आपल्या मुलांना सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, वाचता येतो, अडनाय एलोहेनू घडाघडा, त्यामुळे घरच्यांना वाटतं की हिब्रू येतंय. बोलायची हिब्रू निराळी आणि रस्त्यावरच्या हिब्रूला स्वरचिन्हं नसतात, बसचा बोर्डसुद्धा अंदाजाने वाचावा लागतो. पहिलं वर्ष बरंचसं उल्पान, म्हणजे भाषेचे तास. बहुतेक मुलं पहिले काही महिने गप्प असतात आणि मग एकदम फुटतात. गप्प असण्याचा काळ घरच्यांना सहन होत नाही, रोज विचारतात शिकलास का शिकलास का. नका विचारू.

जायच्या आधी सहा महिने रोज अर्धा तास बोलायची हिब्रू केली तरी खूप फरक पडतो. आणि शाळेला हे विचारा की भाषेचा ग्रुप कोणता आहे. वर्गात बाकीची सगळी रशियन बोलणारी असतील तर तुमचा मुलगा हिब्रूच्या आधी रशियन शिकेल, हसू नका, झालंय असं. त्याच्याशी इंग्रजीत बोलणारा निदान एक तरी मद्रीख पाहिजे. मद्रीख म्हणजे होस्टेलचा ग्रुप लीडर.

बगरुत म्हणजे काय, आणि परत भारतात कॉलेजला चालतं का?

बगरुत म्हणजे इथली बोर्डाची परीक्षा, पण एकदम एका मार्चमध्ये नाही, दहावीपासून बारावीपर्यंत विषय सुटे सुटे देत जायचं. प्रत्येक विषय युनिटमध्ये. पूर्ण सर्टिफिकेटला कमीत कमी २१ युनिट लागतात. गणित आणि इंग्रजी ३, ४ किंवा ५ युनिटचं घेता येतं. इथले लोक मुलाची हुशारी पाचच्या गणितावर मोजतात, आपल्याकडे टक्के विचारतात तसं. आपल्या मुलांना गणित-इंग्रजी सहसा जड जात नाही, दमछाक होते ती तनाख (हिब्रू बायबल), इतिहास आणि नागरिकशास्त्रात, कारण तिथे हिब्रूत लिहायचं असतं. नवीन आलेल्यांना जास्त वेळ, डिक्शनरी अशा सवलती असतात.

शाळा निवडताना हा प्रश्न हमखास विचारा: तुमच्याकडे ५ युनिटचं गणित आणि फिजिक्स शिकवतात का, आणि नवीन आलेल्या मुलांनाही त्या वर्गात बसू देतात का? काही ठिकाणी वर्ग असतो पण परदेशी मुलांना सरसकट ३ मध्ये टाकतात कारण शाळेला सोपं पडतं. हुशार मूल तिथे फुकट जातं.

परत भारतात यायचं असेल तर एआययू, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या संघटनेकडून समकक्षतेचं पत्र घ्यावं लागतं. आणि मेडिकल डोक्यात असेल तर दोनदा विचार करा, महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते, शिवाय नीटला फिजिक्स-केमिस्ट्री-बायो तिन्ही पाहिजेत आणि बगरुतमध्ये मुलं एक-दोनच सायन्स घेतात. ज्या मुलीला केईएममध्ये एमबीबीएस करायचंय तिने इथे येऊ नये, इतकं सरळ.

होस्टेल चांगलं आहे हे इथे बसून कसं ओळखायचं?

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. लोक शाळा निवडतात, निकाल बघतात, लॅब बघतात, बिल्डिंगचे फोटो बघतात. शाळा दुपारी दोन-तीनला सुटते. मूल त्यानंतर झोपेपर्यंत आणि सकाळी उठल्यापासून होस्टेलच्या ताब्यात असतं, आणि तिथे काय चालतं ते ब्रोशरमध्ये कधीच नसतं.

तर मुख्याध्यापकांशी बोलणं झालं की म्हणा, आता मला होस्टेलच्या माणसाशी बोलायचंय. एम बायितशी बोलायला दिलं तर अर्धी लढाई जिंकलात. तिला विचारा, माझ्या मुलाला रात्री दोन वाजता ताप आला तर तो कोणाचं दार वाजवेल? चांगल्या ठिकाणी ती एका वाक्यात नाव सांगते. वाईट ठिकाणी प्रोसिजर सांगतात. रात्री मजल्यावर मोठं कोण असतं, एका मद्रीखकडे किती मुलं, मद्रीख किती वर्षं टिकतात. बऱ्याच ठिकाणी मद्रीखांसोबत अठरा-एकोणीस वर्षांची स्वयंसेवक पोरं असतात, गोड असतात, मुलांना आवडतात, पण ती स्वतःच घरी आईला फोन करून रडत असतात, त्यांच्या जिवावर मजला चालत असेल तर नको.

दुपारी चार ते नऊचं टाइमटेबल मागा, लेखी. अभ्यासाचा तास, एखादा खेळ, आठवड्यातून एकदा काउन्सेलर किंवा सोशल वर्करशी गाठ, एवढं तरी दिसलं पाहिजे. फ्री टाइम, फ्री टाइम, फ्री टाइम असं लिहिलेलं असेल तर समजून जा.

सेफ्टीचं विचारायला आपल्याकडे संकोच करतात, करू नका. अल्पवयीन मुलांसोबत काम करणाऱ्या पुरुषांना लैंगिक गुन्ह्याचा रेकॉर्ड नसल्याचं पोलिसांचं पत्र लागतं, २००१ चा कायदाच आहे. विचारा, सगळ्यांची पत्रं फाइलला आहेत का? स्वयंसेवकांची पण? विचारल्यावर समोरचा चिडला तर ते उत्तरच समजा. मुलांना मारायला बंदी आहे, विद्यार्थी हक्कांचा कायदा २००० चा. रॅगिंग झालं तर मूल कोणाकडे जातं, मागच्या वर्षी कोणाला त्यावरून घरी पाठवलं का? आमच्याकडे असलं काही होतच नाही म्हणणाऱ्या शाळेवर माझा विश्वास बसत नाही. जिथे शंभर पोरं एकत्र राहतात तिथे होतं, प्रश्न एवढाच की पकडतात का.

आणि सगळ्यात शेवटी, तिथे आत्ता राहणाऱ्या दोन मुलांशी तुमच्या मुलाचं बोलणं करून द्या, शाळेने निवडलेली नाही, तुम्ही ओळखीतून शोधलेली. तुम्ही खोलीबाहेर जा. ते काय बोलले विचारू नका. फोन ठेवल्यावर मुलाचा चेहरा बघा, बास.

शनिवार-रविवारी मूल कुठे जाणार?

याचा विचार कोणीच करत नाही आणि घोटाळा इथेच होतो. होस्टेलं बऱ्याचदा एक आठवडा सोडून एक, शुक्रवारी रिकामी होतात. इस्रायली मुलं घरी जातात. तुमचा कुठे जाणार? त्यात शुक्रवार दुपारपासून शनिवार रात्रीपर्यंत बहुतेक ठिकाणी बस-ट्रेन बंद.

अशदोद, लोद, रामला, बेरशेबा, दिमोना, इथे आपली माणसं भरपूर, कोणाची ना कोणाची आत्या निघतेच. पण शाळा हैफाच्या वर आणि आत्या दिमोनाला असेल तर अर्धा देश ओलांडून जायचं, ते दर पंधरा दिवसांनी होत नाही. म्हणून नकाशा घेऊन बसा, आधी नातेवाइकांची घरं मांडा, मग शाळा. नातेवाईक नसतील तर शाळा दत्तक कुटुंब देते का विचारा, आणि त्या कुटुंबाशी स्वतः बोला.

नातेवाइकांनाही गृहीत धरू नका. हो हो पाठव, आपलंच पोर आहे, असं लग्नात सगळे म्हणतात. दोन खोल्यांचं घर, दोघं नोकरीला, त्यात दर दुसऱ्या शुक्रवारी एक भुकेला पोरगा आणि त्याच्या आठवडाभराच्या मळक्या कपड्यांची बॅग. स्पष्ट बोला, महिन्यातून किती वेळा चालेल, खर्चाचं काय.

पहिला महिना तर फारच वाईट. १ सप्टेंबरला शाळा सुरू, आणि दोन-चार आठवड्यांत नव्याचा सण, म्हणजे ज्यू नववर्ष, येतो, मग किप्पूरचा उपास, मग सुक्कोथचा सण, सगळी मिळून लांबलचक सुट्टी, होस्टेल रिकामं. मूल नुकतं कुठे खोलीतल्यांची नावं शिकतंय आणि सगळे गायब. या सुट्टीत ते कुठे असेल हे तिकीट काढायच्या आधी ठरलेलं पाहिजे. जमत असेल तर आईबाबांपैकी एकाने तेव्हाच भेटायला या, सुरुवातीला सोडायला येण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

रॉकेट, युद्ध, याचं काय?

खोटं सांगत नाही, भीती असते. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर कित्येक महिने काय अवस्था होती ते तुम्ही बातम्यांत पाहिलंय, आणि जून २०२५ मध्ये इराणशी जुंपली तेव्हा विमानतळच बंद झाला होता. भारत सरकारने २०२३ मध्ये ऑपरेशन अजय आणि २०२५ मध्ये ऑपरेशन सिंधू करून आपल्या नागरिकांना परत नेलं, म्हणून मूल आल्याबरोबर त्याचं नाव भारतीय दूतावासात नोंदवा, हे आळसाने राहून जातं.

शाळेला विचारा, सायरन झाल्यावर किती सेकंद मिळतात आणि खोलीपासून शेल्टर किती पावलांवर. गाझाच्या अगदी जवळ १५ सेकंद, अश्कलोनला ३०, तेल अवीवकडे ९० असा साधारण हिशोब असतो. रात्री झोपेत असलेल्या मुलाला तेवढ्यात पोचता येतं का, ड्रिल कधी झालं. तुमच्या स्वतःच्या फोनवर पिकूद हओरेफचं, म्हणजे सायरनची सूचना देणाऱ्या इथल्या लष्करी विभागाचं, ॲप टाकू नका, ठाण्यात बसून प्रत्येक सायरनला छातीत धस्स होईल आणि उपयोग काही नाही. त्यापेक्षा मुलाशी ठरवा की शेल्टरमधून एक मेसेज, ठीक आहे, एवढाच.

ज्या घरात ही जोखीम पटत नाही त्यांनी पाठवू नये. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

शिकल्यावर आर्मीत जावंच लागतं का? पासपोर्टचं काय?

नाआलेचा विद्यार्थी म्हणून आला म्हणजे नागरिक झाला असं नाही. बारावी करून परत जाता येतं. राहायचं ठरवून अलिया केली, म्हणजे नागरिक होऊन इथे स्थायिक झाला, की मग आर्मी, मुलांना अडीच वर्षांच्या वर, मुलींना दोन वर्षं, धार्मिक मुली त्याऐवजी राष्ट्रीय सेवा करू शकतात. भारताला दुहेरी नागरिकत्व चालत नाही, इस्रायली झालात की भारतीय पासपोर्ट जातो, ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, मिळतं.

पण कागदाच्या बाहेरचं सांगते. बारावीत वर्गातले सगळे कुठल्या युनिटमध्ये जाणार हेच बोलत असतात. तीन वर्षं त्यांच्यात राहिलेला मुलगा परत येऊन मुलुंडच्या कॉलेजात बसेल अशी खात्री धरू नका. तो तिथलाच होऊ शकतो, हे धरूनच पाठवा.

आपल्या रंगावरून चिडवतात का?

काही वेळा, हो. काळ्या म्हणणारे भेटतात, करीचा वास येतो म्हणणारे भेटतात. बॉलिवूडचं गाणं लावून नाचणारेही भेटतात, रशियन पोरींना शाहरुख माझ्यापेक्षा जास्त माहीत. ज्या होस्टेलात पाच-सहा देशांची मुलं आहेत तिथे हे कमी, जिथे एकाच देशाचा मोठा गट आणि तुमचा एकटा तिथे जास्त. शक्य असेल तर आपल्याकडची दोन मुलं एका ठिकाणी पाठवा, पण एका खोलीत नको, नाहीतर मराठीतच बोलत बसतात.

मुलीला पाठवणं सेफ आहे का?

मुलाला आहे तितकंच. वरचे सेफ्टीचे सगळे प्रश्न मुलासाठीही विचारा, ते फक्त मुलींचे नाहीत.

जेवणाचं काय?

कोशर असतंच, ती काळजी मिटली. चव नसते. सकाळी काकडी-टोमॅटो, पांढरं चीज, उकडलेलं अंडं, दुपारी श्नित्झेल, भात किंवा कुसकुस. पहिले दोन महिने आमटी-भात, नारळाच्या दुधातलं मटण, बोंबील यांची स्वप्नं पडतात. मग श्नित्झेल आवडायला लागतं आणि सुट्टीत घरी आल्यावर तुमच्या कालवणाला तिखट आहे म्हणतात, तेव्हा रागवू नका.

मुलगा इथे वाया चाललाय, तिथे जाऊन सुधारेल का?

नाही सुधारणार. मोबाइल, वाईट संगत, आईबापांची भांडणं, हे सगळं तो बॅगेत घेऊन येतो आणि इथे ते बघायला तुम्ही नसता. ज्याला स्वतःला यायचंय, निदान अर्धं मन आहे, तोच टिकतो. आजीची इच्छा आहे म्हणून, किंवा चुलतभाऊ गेला म्हणून आलेली मुलं डिसेंबरातल्या हनुक्कापर्यंत परत जातात. त्याला मोकळेपणाने नाही म्हणायची संधी द्या, खरीखुरी, तिकीट काढायच्या आधी.

फोनवर रडतो, परत यायचं म्हणतो. बोलावून घेऊ का?

पहिले तीन महिने रडणं धरून चाला. रोज व्हिडिओ कॉल नको, आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी, इथलं घड्याळ तुमच्यापेक्षा उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास मागे असतं. बहुतेकदा मूल तुमच्याशी बोलून रडून मोकळं होतं आणि फोन ठेवून फुटबॉल खेळायला जातं, रात्रभर जागे तुम्ही.

पण रडणं आणि बिघडणं वेगळं. जेवण सोडलं, वर्गाला जात नाही, अंघोळ नाही, किंवा एकदम बोलणंच बंद झालं, किंवा एका विशिष्ट माणसाचं नाव निघालं की गप्प होतं, तर थांबू नका. काउन्सेलरला त्याच दिवशी फोन, जवळच्या नातेवाइकाला समोर जाऊन बघायला सांगा, आणि गरज वाटली तर घेऊन या. वर्ष गेलं तर गेलं. सतरा नंबरचा फॉर्म आहेच.

कागदपत्रं कुठली लागतात?

मुलाचा पासपोर्ट, तुमचे दोघांचे जन्मदाखले, लग्नाचं सर्टिफिकेट आणि केतुबा (ज्यू लग्नाचा करार), सिनेगॉगचं पत्र, शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल, मेडिकल आणि लसींचा रेकॉर्ड, दोघा पालकांची संमती. घटस्फोट झाला असेल तर कस्टडीची ऑर्डर. मागतील त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा खरेपणाचा शिक्का, त्याआधी राज्य सरकारचं अटेस्टेशन, याला वेळ लागतो, पावसाळ्याची वाट बघू नका. आपल्यात नावांचा गोंधळ फार, आजोबा दाखल्यावर एक, केतुबावर दुसरे, आडनाव कुठे नवगावकर कुठे नुसतं बापाचं नाव. स्पेलिंग सगळीकडे एक करून घ्या किंवा ॲफिडेव्हिट करा. यातच सगळ्यात जास्त दिवस जातात.

बॅगेत काय द्यायचं?

जेरुसलेम किंवा डोंगराकडे शाळा असेल तर खरं जाड जॅकेट, मुंबईचं स्वेटर नाही. पातळ रजई, चप्पल, दोन सिंगल चादरी. चार्जरच्या गोल पिना बहुतेक तिथे बसतात, जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन, जेनेरिक नावासकट. घरचं लोणचं-मसाला देणार असाल तर आधी एम बायितला विचारा, धार्मिक होस्टेलात कोशरचा शिक्का नसलेली बाटली किचनच्या फ्रिजमध्ये ठेवू देत नाहीत आणि मग ती कपड्यांच्या कपाटात फुटते. ते कपाट मी पुसलेलं आहे.